ओठ ओले करण्याइतकं पाणी

डॉक्टरांनी संपतला आणि मला वॉर्डाबाहेर बोलावलं तेव्हाच मी काय ते ओळखलं. चांगलं काही सांगायचं असलं की ते खाटेपाशीच उभे राहून सांगत.

"छाती आम्ही सांभाळतोय," अद्वैत डॉक्टर म्हणाले. माझ्या नातवाच्या वयाचे असतील, पण झोप नसल्याने डोळे म्हाताऱ्या माणसासारखे झाले होते. "पण किडनीचं काम रोज कमी होत चाललंय. रक्तातली घाण किडनी गाळते. तिचं गाळणं थांबलं की क्रिएटिनिन वाढतं. काकू आल्या तेव्हा ते दीडच्या आत होतं. आज साडेतीन आलंय."

"फ्लू तर छातीचा ना, साहेब?" संपत म्हणाला. "मंग किडनीचं काय आलं मधीच?"

"सुरू छातीत होतो. पण मार सगळ्या शरीराला बसतो. ताप, कमी पडणारा ऑक्सिजन, खाली गेलेलं बीपी. या सगळ्यात किडनी हाल खाते. वय झालेल्या पेशंटमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. कुणाचं सावरतं, कुणाचं नाही."

"पाणी तर बराबर पिऊन राह्यली ती. बाटली मीच भरतो, रिकामी झालेली मीच बघतो."

"तेच तर. पाणी आत जातंय आणि लघवी होत नाहीये. म्हणजे पाणी अंगात साठतंय. ते फुप्फुसात उतरू नये म्हणून मी सलाईन जवळजवळ बंद केलंय." डॉक्टरांनी मास्क नाकावर सारखा केला. "उद्या सकाळचा रिपोर्ट असाच आला तर डायलिसिस. आमच्याकडे ती सोय नाही. संभाजीनगरला हलवावं लागेल. आणि इतका ऑक्सिजन लागत असताना तो प्रवास..."

संपतने भिंतीला हात टेकला.

दैवशाला माझी धाकटी जाऊ. संपत तिचा मुलगा. मी पुष्पा, थोरली. आमचे हे पाटबंधारे खात्यात लागले म्हणून मी जालन्याला आले आणि इथलीच झाले. दैवशाला वडीगोद्रीच्या घरी राहिली, शेतीत आणि गोठ्यात. यंदाच्या थंडीत त्या घरात एकामागून एक सगळे तापले. काकासाहेब भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, उठून बसले, नातवंडं खेळायला लागली, आणि ही मात्र दम लागून लागून ओठ निळे पडेपर्यंत कुणाला काही बोलली नाही. संपतने तिला गाडीत घालून जालन्याला आणलं. नाकातून तपासणीची काडी घातली, फ्लू निघाला. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसली.

दवाखाना लहानसा. एकाच लांब खोलीत बायका आणि बाप्ये, मधे फक्त हिरवे पडदे. संडास खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथवर जायचं म्हणजे ऑक्सिजन काढावा लागणार. म्हणून डॉक्टरांनी खाटेवरच भांडं द्यायला सांगितलेलं. लघवीची नळी घालतो म्हणाले होते, तर दैवशालाने हात जोडले. "तेवढं नका करू, साहेब," म्हणाली. संपतही मान खाली घालून म्हणाला, "माय नको म्हणती तर राहू द्या." डॉक्टरांनी तेव्हा ऐकलं.

मी आत गेले. डबा ठेवला, स्टुलावर बसले. दैवशाला टेकून बसली होती. ऑक्सिजनच्या मास्कने गालावर वळ उठले होते.

"डॉक्टर काय म्हणले, अक्का?"

"पाणी पी म्हणाले."

"पितेच की." तिने मास्क बाजूला केला. संपतने ग्लास भरून दिला. तिने तो ओठांना लावला, डोळे मिटले, ग्लास तिरपा केला. मग हातात तसाच धरून म्हणाली, "संपत, जरा चहा पिऊन ये रं. कवाचा बसलायस."

संपत उठला. आणि मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. गळा हलला नव्हता.

दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. मला दिसलं, कारण ग्लास तसा धरायला आम्ही दोघी एकाच घरात शिकलो.

त्या वेळी, मी जालन्याला यायच्या आधी, वडीगोद्रीत आमच्या घराला संडास नव्हता, कुणाच्याच नव्हता. बायकांनी पहाटे जायचं, अंधार असताना, नाहीतर दिवेलागणीनंतर. जागा हमरस्त्याच्या कडेलाच. दैवशाला केदारखेड्याची. तिच्या माहेरी घरामागे उंच ज्वारी असायची, आडोसा असायचा. इथे मोकळं रान आणि रस्ता. ट्रकचा उजेड लांबून दिसला की सगळ्या बायका पदर तोंडावर ओढून उभ्या राहायच्या, ट्रक गेला की पुन्हा बसायच्या. एका पहाटे ऊसतोडीच्या गाड्यांची रांगच लागली. आम्ही उठतोय, बसतोय, उठतोय. दैवशाला नवी नवरी. ती एकदम हसत सुटली. "अक्का, ह्या गाड्या आपली कवायत घेऊन राहिल्या," म्हणाली. तिच्या हसण्याने आम्ही सगळ्या हसलो, थंडीने दात वाजत असताना. दिवसभर सासूसमोर, दिरांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. त्या पहाटेच्या वाटेवर आम्ही पोटभर बोलायचो. कुणाला कितवा महिना, कुणाच्या नवऱ्याने काय आणलं, कुणाला माहेरची आठवण आली. मला अजून ती वाट स्वप्नात दिसते, आणि स्वप्नात ती छानच असते.

पण मधल्या सगळ्या दिवसाचं काय करायचं? सासूबाईंनी दोघींनाही एकच शिकवलं होतं. सकाळी भाकरीबरोबर घोटभर पाणी घ्यायचं, मग दिवे लागेपर्यंत काही नाही. फारच तहान लागली तर ओठ ओले करायचे. लग्नाला, देवाला ट्रकमधून जायचं असलं तर आदल्या संध्याकाळपासून बंद. पाहुण्यांच्या घरी कुणी आग्रहाने तांब्या पुढे केला तर नाही म्हणायचं नाही. तोंडाला लावायचा, डोळे मिटायचे, आणि गिळायचं नाही.

संपत बाहेर गेल्यावर दैवशालाने खाटेखाली हात घातला. तिथे खोकल्याचा बेडका टाकायला घमेल्यासारखं प्लास्टिकचं टोपलं ठेवलेलं असतं. ग्लास तिने त्यात ओतला. उरलेली बाटलीही ओतायला गेली आणि मी तिचं मनगट धरलं.

"दैवशाला."

तिने मान वळवली.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"मला विचारतीस काय? मी तुझ्यासोबत उभी राहिलेय त्या रस्त्यावर."

तिने बाटली खाली ठेवली. एकेका श्वासाला खांदे वर जात होते. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी पेले. त्या पोरीनं भांडं आणलं. पडदा लावला, पण पलीकडं बाप्ये बोलून राह्यलेले. मला ते ऐकू येत व्हते, मंग त्यांना मी ऐकू येत नसंन? आन् भांडं न्यायला तो वार्डातला माणूस. समद्यांच्या मधून घिऊन गेला, अक्का. संपत तिथंच उभा."

"पोटचा पोरगा आहे तुझा."

"म्हणून तर!"

"अगं, किडनी चाललीय तुझी. डॉक्टरांना वाटतंय तू बाटल्यांवर बाटल्या पितेस. म्हणून त्यांनी सलाईनसुद्धा बंद केलं."

"चाललीय तर जाऊ द्या." मग आवाज उतरला. तिने माझा हात घेतला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. कातडी तापलेल्या तव्यासारखी कोरडी होती. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुम्हाला. संपतला सांगायचं न्हाई, त्या डॉक्टरला न्हाई. मी आता पिते. तुमच्या समोर पिते."

तिने खरंच एक घोट घेतला. या वेळी गळा हलला. पण तिचे डोळे पडद्याकडेच होते, आणि मला कळलं की मी घरी गेले की हा ग्लास परत टोपल्यात जाणार.

गळ्याची शपथ मोडली की ज्याची शपथ त्याला काहीतरी होतं, हे मी लहानपणापासून मानत आले. आजही पुरतं सोडलेलं नाही. तरी मी उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले.

एका तरुण पुरुषासमोर हे सगळं बोलायचं मलाही जड गेलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बघत मी सांगून टाकलं. पाणी, टोपलं, भांडं, पडद्यापलीकडचे बाप्ये.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आजी, तुम्ही नक्की बघितलं? वाटतंय म्हणून नाही ना?"

"बघितलं."

"कारण हे फार महत्त्वाचं आहे. त्या कोरड्या पडल्या असतील, तर किडनीला पाणी मिळालं पाहिजे, आणि आत्ताच. पण पाणी खरंच अंगात साठलं असेल आणि मी वरून सलाईन दिलं, तर फुप्फुसं भरतील. मग संभाजीनगरपर्यंतसुद्धा वेळ राहणार नाही. ऑक्सिजनमुळे तोंड सगळ्यांचंच कोरडं पडतं, त्यावरून सांगता येत नाही. तुमच्या सांगण्यावर मी हे करू?"

मला एकदम वाटलं, एकदाच तर बघितलं मी. आधीचे दिवस ती खरंच प्याली असेल तर? पण ती स्वतः बोलली होती.

"करा," मी म्हणाले.

ते खाटेपाशी आले, मागे सिस्टर बेबीनंदा. संपत चहा पिऊन परतला होता. डॉक्टरांनी दैवशालाला सरळ विचारलं, "काकू, पाणी ओतून देता का तुम्ही?"

दैवशालाने माझ्याकडे बघितलं. असं तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"न्हाई बा," ती म्हणाली. "अक्काला काय दिसतंय आता? मोतीबिंदूचं आपरेशन झालंय त्यांचं."

"दैवशाला!"

"मीच भरतो ना बाटली," संपत चिडून म्हणाला. "मोठीआई, तुम्ही घटकाभर येता, डबा ठिवता, जाता. मी हितं बसून राह्यलोय. डॉक्टरला काहीबाही सांगायचं, आन् उद्या माझ्या मायला काही झालं मंग?"

"संपत, तुझ्यादेखत किती घोट पिते ती?"

"पिती की!"

"तुझ्यादेखत?"

तो बोलायला गेला आणि थांबला. चेहऱ्यावरचा राग तसाच होता, पण डोळे आठवायला लागले. "टायमाला मला भाईर धाडती," तो सावकाश म्हणाला. "चहा पी म्हणती. फोन करून ये म्हणती. गोळ्या आण म्हणती. परत आलो की बाटली रिकामी." तो आईकडे वळला. "माय?"

दैवशालाने डोळे मिटून घेतले. बेबीनंदा सिस्टरने वाकून टोपलं ओढलं. त्यात स्वच्छ पाणी हिंदकळत होतं, नुसतं पाणी.

पडद्यापलीकडच्या माणसांनी बोलणं थांबवलं होतं, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

"नळी घालावी लागेल, काकू," डॉक्टर म्हणाले. "आता मोजल्याशिवाय चालणार नाही. सिस्टर घालतील. मी बाहेर जातो. सगळे बाप्ये बाहेर जातील." आणि खरंच ते पडद्यापलीकडे गेले, शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांना उठवलं. "चला, दहा मिनिटं बाहेर. हो, तुम्ही पण, मामा." खुर्च्या सरकल्या, चपला वाजल्या.

बेबीनंदा गोड पोरगी. ती काम करत होती तोवर मी दैवशालाचं डोकं धरून उभी होते. माझा हात तिने झटकलाही नाही, धरलाही नाही.

मग सलाईन सुरू झालं. अर्धी बाटली हळूहळू, मग थांबून छाती ऐकायची, मग पुढची. दर वेळी डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकत आणि मी त्यांच्या भुवयांकडे बघत बसे. एकदा त्यांच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी पुन्हा ऐकलं, तिला खोकायला लावलं, पुन्हा ऐकलं. मीच सांगितलं होतं. आत पाणी भरलं असेल तर ते मी भरलं होतं.

"चालू ठेवा," ते सिस्टरला म्हणाले. "पण जपून."

खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. दैवशालाने तिच्यावर पदराचं टोक टाकलं होतं. संपत पिशवीकडे बघत नव्हता आणि दुसरीकडे कुठेही बघत नव्हता. दुपार कलली. पिशवीच्या तळाशी काळ्या चहासारखा एक डाग, तेवढाच. तो वाढत नव्हता.

काकासाहेब भाऊजींचा फोन आला. "कशी हाय?" त्यांनी विचारलं. संपत म्हणाला, "हाय." पुढे त्याला सांगता येईना. भाऊजी म्हणाले, "पाणी पाजा तिला, पाणी." संपतने फोन ठेवला आणि बाहेर जाऊन जिन्यात बसला.

मी तिच्यापाशी वाकले. "बोल तरी."

"शपथ मोडली तुम्ही," ती मास्कच्या आतून म्हणाली.

"मोडली."

"आता मेले तर तुमच्यामुळं."

"मेलीस तर पाण्यावाचून मरशील. माझ्यामुळं नाही."

तिने तोंड भिंतीकडे केलं.

दिवस मावळायच्या सुमाराला बेबीनंदा आली, पिशवीवरचा पदर अलगद उचलला, वाकली आणि म्हणाली, "आजी, बघा." काळा डाग आता बोटभर वर आला होता. रंगही फिका झाला होता. मला बोलायचीही भीती वाटली. दृष्ट लागेल असं वाटलं. पण संपत जिन्यातून उठून आला होता, त्याने ते बघितलं आणि तोंडावर हात दाबून तो रडला. बापई माणसाचं रडणं, आवाज न करता.

सकाळचा रिपोर्ट यायला उशीर झाला. मी घरून निघून दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर कागद हातात घेऊन उभे होते.

"वाढलंय," ते म्हणाले. मी वळून वॉर्डाकडे निघाले. त्यांनी घाईने हात पुढे केला. "थांबा, ऐका. थोडंसंच वाढलंय. लघवी भरपूर व्हायला लागलीय, छाती मोकळी आहे. हा आकडा मागून चालतो. आज कुठे नेत नाही. उद्या बघू."

उद्याचा दिवस गेला. मग आकडा थांबला, आणि त्यानंतर उतरायला लागला, गोगलगाईच्या चालीने. डॉक्टर म्हणाले, सगळा दोष पाण्याचा नाही. फ्लूने किडनीला आधीच दणका दिलेला होता, त्यात ती कोरडी पडली. पूर्ण भरून यायला महिने लागतील, कदाचित पूर्वीसारखी होणारही नाही. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. गुडघेदुखीच्या गोळ्या किडनीला मारतात, त्या मनाने घ्यायच्या नाहीत. आणि पाणी.

घरी सोडायच्या दिवशी ते खाटेपाशी उभे राहून बोलले. नळी काढलेली होती, मास्क गेला होता. शीतल, संपतची बायको, गाडी घेऊन खाली थांबली होती. दैवशाला माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. चष्मा द्या, लुगडं द्या, एवढंच.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "इथे आम्ही पाजलं. घरी कोण पाजणार? परत असं झालं तर मग मी काही करू शकणार नाही. खरं सांगा, घरी प्याल?"

संपत म्हणाला, "आता पिती की. घरी काय अडचण? संडास हाय घरी, केव्हाच बांधलाय."

दैवशाला खाटेच्या कडेवर पाय सोडून बसली होती. तिने संपतकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे. मी काही बोलणार नव्हते. एकदा बोलले होते, तेवढं पुरे.

"त्याचं दार ओट्याकडं हाय," ती म्हणाली.

"मंग?"

"ओट्यावर दिवसभर तुझे दादा आन् त्यांचे दोस्त बसतेत. गप्पा मारतेत. मी समोरून तांब्या घिऊन जायचं? मी दिवसा कवाच गेले न्हाई तिथं. एक दिवस बी न्हाई."

संपत तिच्याकडे बघतच राहिला. "माय, इतकी वरसं?"

"शीतलबी न्हाई जात. तिला इचार."

त्याने खिशातून फोन काढून वडिलांना लावला. "दादा," तो म्हणाला, "गवंडी बघा एखादा. जल्दी. दार फिरवायचंय." पलीकडून भाऊजींचा मोठा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "कोणतं दार? कशाचं दार?" संपतचा चेहरा लाल झाला. वॉर्डात माणसं होती, डॉक्टर होते, सिस्टर होती. त्याला तो शब्द बोलवेना.

दैवशालाने हात पुढे करून त्याच्याकडून फोन घेतला.

"संडासाचं," ती म्हणाली. खोकला आला, तो तिने येऊ दिला, आणि पुन्हा म्हणाली, "संडासाचं दार. मागल्या अंगाला. मी घरी यायच्या आत."